तक्रार करंगळीची, दोष कोपराचा

दाराच्या चौकटीवर किंवा बाकाच्या कडेवर कोपर आपटल्याचा अनुभव नाही, असा माणूस सापडणे कठीण. आपटते कोपर, पण झिणझिणी उठते ती थेट करंगळीत. विजेचा धक्का बसावा तशी एक कळ कोपरापासून सरसर खाली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारची अनामिका काही क्षण आपली वाटेनाशी होते. अंगठ्याला आणि तर्जनीला मात्र त्याची खबरही नसते. इंग्रजीत या जागेला ‘फनी बोन’, म्हणजे गमतीचे हाड म्हणतात. त्यात गंमत तर काही नसतेच, आणि ते हाडही नव्हे. त्या जागी त्वचेच्या अगदी खाली, हाडाला लागून, जाडसर सुतळीएवढी एक चेता जाते. तिचे नाव अल्नर चेता. घरी आपण ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतो. पण त्या शब्दांत रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि चेता असे सगळेच येते, म्हणून येथे पाठ्यपुस्तकातला ‘चेता’ हाच शब्द वापरतो.

एकदा आपटण्याने काही बिघडत नाही. मिनिटभर हात झटकला की झाले. पण त्याच जागी ही चेता महिनोन्महिने दबत राहिली तर गोष्ट वेगळी होते. आधी रात्री करंगळी बधिर होऊन जाग येते. मग सदऱ्याची बटणे लावताना बोटे चुकतात, कुलपात किल्ली फिरवताना जोर पुरत नाही, फळ्यावर लिहिताना खडू सुटतो. पुढे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल जातो, आणि करंगळी व अनामिका पंजासारख्या आत वळतात. हातातील चेता दबण्याचे जे प्रकार आहेत, त्यांत मनगटातल्या दाबाच्या खालोखाल हाच प्रकार आढळतो. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो पंजा पुढे करून. कोपर कोणी दाखवत नाही.

दोष कोपरात आहे हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला. कळल्यावरही तेथे नेमके काय होते आणि त्यावर काय करावे, याबद्दलची मते कितीदा तरी बदलली. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

गेलनचा रुग्ण

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन हा मोठा वैद्य होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात पॉसेनिअस नावाच्या एका रुग्णाची गोष्ट लिहून ठेवली आहे. हा पॉसेनिअस सीरियातून आलेला, वक्तृत्व आणि तत्त्वज्ञान शिकवणारा गृहस्थ, म्हणजे शिक्षकच. त्याच्या डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. गावचे वैद्य बोटांवर लेप लावून थकले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच तो प्रकार होता.

गेलनने बोटांकडे पाहण्याआधी चौकशी केली. अलीकडे कुठे पडला होतात का? तेव्हा कळले की प्रवासात पॉसेनिअस गाडीतून पडला होता आणि पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. तिथले दुखणे लवकर थांबले, म्हणून तो ते विसरूनही गेला होता. गेलनने प्राण्यांची विच्छेदने केलेली होती. या बोटांकडे जाणारी चेता मानेच्या तळाशी पाठीच्या कण्यातून बाहेर पडते, हे त्याला ठाऊक होते. त्याने तोच लेप बोटांवरून काढून पाठीवर लावायला सांगितला, आणि रुग्ण बरा झाला. गुण लेपाचा की नुसत्या काळाचा, हे आज सांगता येणार नाही. माझा कल काळाकडे आहे. जागा मात्र त्याने बरोबर ओळखली.

या गोष्टीतला अर्धे बोट हा तपशील नजरेतून सुटू देऊ नका. अल्नर चेतेची हद्द अनामिकेच्या मध्यावर संपते. अनामिकेची करंगळीकडची बाजू तिची, दुसरी बाजू शेजारच्या मीडियन चेतेची. एकाच बोटाच्या मधोमध जणू दोन तालुक्यांची शीव आहे. म्हणून कोपरात चेता दबली की अनामिका अर्धीच बधिर होते. पॉसेनिअसची बधिरता ही शीव ओलांडून मधल्या बोटापर्यंत गेली होती, त्यावरून दोष कोपराच्याही वर, मानेजवळ होता असा तर्क आजचा डॉक्टरही करील. अठराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या टिपणावरून असा तर्क करता येतो, कारण लिहिणाऱ्याने ‘बोटे बधिर’ एवढ्यावर न थांबता कोणती आणि किती हेही लिहून ठेवले.

उलट्या बाजूने जाणारा रस्ता

कोपरातच ही चेता का सापडते, हे समजण्यासाठी तिचा रस्ता पाहू. मानेच्या तळाशी निघून काखेतून ती दंडाच्या आतल्या बाजूने उतरते. हाताच्या इतर मोठ्या चेता कोपराच्या पुढून, म्हणजे घडीच्या आतून जातात. अल्नर चेता एकटीच कोपराच्या मागून जाते. तिथे दोन हाडांची टोके आहेत: एक आतल्या बाजूचा उंचवटा आणि दुसरे, आपण टेबलावर टेकवतो ते कोपराचे टोक. या दोहोंमधल्या खाचेतून चेता जाते. खाचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चिवट पट्टी ताणलेली असते. खाली हाड, वर पट्टी असा हा लहानसा बोगदा. पुढे ती मनगटातून पंजात शिरते आणि तिथल्या बहुतेक छोट्या स्नायूंना चालवते. बोटे फाकवणे, जुळवणे, सुई धरणे, तबल्यावर बोट नेमके पाडणे, ही नाजूक कामे त्या स्नायूंची.

आता वर्गात एक प्रयोग करा. विद्यार्थ्याने हात सरळ ठेवावा. एक दोरा दंडाच्या आतल्या बाजूपासून, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून, मनगटापर्यंत धरा आणि दोन्ही टोकांशी पेनने खूण करा. मग दोरा तसाच धरून हात पूर्ण वाकवायला सांगा. दोरा अपुरा पडतो. वाकणाऱ्या सांध्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारा रस्ता लांब होतो, हे भूमितीनेच ठरलेले आहे. हात सरळ असताना चेतेत थोडा ढिलेपणा असतो आणि ती काही मिलिमीटर पुढे-मागे घसरते, म्हणून आपले निभते.

दुसरा प्रयोग आणखी सोपा. एक बोट आतल्या उंचवट्यावर आणि दुसरे कोपराच्या टोकावर ठेवा आणि हात हळूहळू वाकवा. दोन बोटांमधले अंतर वाढते. १९६८ साली केलेल्या मोजणीत दर ४५ अंशांच्या वाकण्यामागे ही दोन टोके सुमारे ५ मिलिमीटरने दूर जातात असे दिसले. म्हणजे बोगद्याच्या छपरावरची पट्टी ताणली जाते, छप्पर खाली येते आणि गोल बोगदा चपटा होतो. एकाच हालचालीत चेता ओढलीही जाते आणि दाबलीही जाते. या दोहोंतला खरा गुन्हेगार कोणता, यावरच पुढच्या शंभर वर्षांचे भांडण आहे.

जुनी दुखापत, उशिराचा लकवा

१८१६ साली लंडनच्या हेन्री अर्ल या शल्यविशारदाने कोपरापाशी असह्य कळा येणाऱ्या एका मुलीची अल्नर चेता सरळ कापून टाकली. कळा थांबल्या, आणि अर्थातच करंगळीची जाणीवही गेली. अर्लच्या निबंधाचा विषय होता चेतासंस्था शरीराची उष्णता कशी राखते हा. त्या मुलीची केस त्यात दाखल्यादाखल आली आहे. चेता कापणे हा उपाय म्हणजे वाजणारी घंटा थांबवण्यासाठी तार तोडण्यासारखाच. पण भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत असत त्या काळात रुग्णाला तोही मोठा दिलासा वाटला असेल.

खरी दिशा दाखवली ती पॅरिसच्या फोटिनोस पानास याने. हा ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावर १८३२ साली जन्मलेला, आणि आज आठवला जातो तो नेत्रतज्ज्ञ म्हणून. १८७८ साली त्याने अल्नर चेतेच्या लकव्याचे ‘एक फारसे माहीत नसलेले कारण’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. कोपराची जुनी दुखापत किंवा सांध्याची झीज, आणि त्यानंतर पुष्कळ काळाने पंजातली ताकद जाणे, यांचा संबंध त्याने जोडला. १९१६ साली अमेरिकेतल्या रॅम्से हंटने या प्रकाराला ‘उशिराचा लकवा’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

हा उशीर किती, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पाच-सहा वर्षांचे मूल झाडावरून पडते. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे हाड मोडते. सूज उतरते, दुखणे थांबते, हात हलू लागतो, म्हणून कोणी क्ष-किरण चित्र काढत नाही. तो तुकडा नीट जुळत नाही. मूल वाढते तशी कोपराची बाहेरची बाजू मागे पडते आणि हात दंडाशी अधिकाधिक तिरका होत जातो. आतल्या बाजूची चेता त्या तिरक्या कोपरावरून वर्षानुवर्षे घासत, ताणत राहते. लकवा दिसू लागतो तो वयाच्या तिशी-चाळिशीत. तोपर्यंत झाडावरून पडल्याची आठवण आईलाही राहिलेली नसते. गेलनसारखे विचारणारा कोणी भेटला तरच ती निघते. मूल पडले आणि कोपर सुजले, तर शाळेने नुसते हळद लावून घरी पाठवू नये, याचे हे एक कारण.

ताण हे कारण एकदा पटल्यावर उपायही सुचला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या फार्कर कर्टिसने ही चेता खाचेतून उचलली आणि कोपराच्या पुढच्या बाजूला त्वचेखाली आणून ठेवली. आता ती घडीच्या आतल्या बाजूला आली. हात वाकवला की ताणण्याऐवजी सैल पडणार! आपला दोऱ्याचा प्रयोग कोपराच्या पुढून करून पाहिला तर ही युक्ती किती तर्कशुद्ध आहे ते दिसेल. पुढे १९४२ साली जेम्स लर्मंथने तिला आणखी खोल, स्नायूंच्या खाली नेऊन ठेवण्याची रीत दिली. साठ-सत्तर वर्षे चेता हलवणे हाच राजमार्ग मानला गेला.

वर्तमानपत्राची खूण

पहिल्या महायुद्धात खंदकांत लढणाऱ्या सैनिकांच्या हातापायांना गोळ्या आणि बाँबचे तुकडे लागत. चेतांच्या इतक्या जखमा डॉक्टरांनी पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या. कोणती चेता तुटली, कोणती जुळते आहे, हे यंत्रांवाचून नुसत्या हातांनी ओळखणे भाग होते. १९१५ या एका वर्षात आजही वापरात असलेल्या दोन खुणा सापडल्या.

पहिली ज्यूल्स फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरची. फ्रेंचमध्ये ती वर्तमानपत्राची खूण म्हणूनही ओळखली जाते. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी एक कागद धरायला सांगायचा, आणि तो ओढायचा. निरोगी माणूस अंगठा सरळ ठेवून, तो तर्जनीच्या कडेवर दाबून कागद धरून ठेवतो. हे दाबण्याचे काम करणारा स्नायू अल्नर चेतेच्या ताब्यात आहे. ती अधू झाली असेल तर माणूस नकळत दुसऱ्या स्नायूची मदत घेतो. अंगठ्याचे टोक वाकवणारा हा स्नायू मीडियन चेतेवर चालतो. त्यामुळे कागद ओढताच त्या हाताच्या अंगठ्याचे टोक आकड्यासारखे वाकते. शरीर उणीव झाकू पाहते आणि झाकण्याच्या रीतीवरूनच उणीव उघडी पडते. मला ही वैद्यकातल्या सर्वांत देखण्या चाचण्यांपैकी एक वाटते. खर्च, जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा.

दुसरी खूण एकाच वर्षी दोन माणसांना सापडली, आणि ती दोघे एकमेकांच्या शत्रुराष्ट्रांत होती. जखमी चेतेवर बोटाने हलकेच टिचकी मारली असता तिच्या पुढच्या प्रदेशात झिणझिण्या आल्या, तर तिथे नवे तंतू वाढत आहेत असे समजावे. हे जर्मनीच्या पॉल होफमानने मार्च १९१५ मध्ये लिहिले आणि फ्रान्सच्या ज्यूल्स तिनेलने ऑक्टोबर १९१५ मध्ये. युद्धामुळे एकाचे लेखन दुसऱ्याकडे पोचण्याचा प्रश्नच नव्हता. जगभर नाव राहिले ते बहुधा तिनेलचेच. आपण या संवेदनेला ‘मुंग्या येणे’ म्हणतो; फ्रेंच भाषेतही तिचे नाव मुंगी या शब्दावरूनच पडले आहे. कोपरातल्या खाचेवर टिचकी मारून करंगळीत मुंग्या येतात का, हे डॉक्टर आजही पाहतात. मात्र बऱ्याच निरोगी माणसांतही थोड्या मुंग्या येतात, तेव्हा एवढ्यावरून कोणी घाबरून जाऊ नये.

चेतेचा वेग

टिचकी आणि कागद यांनी अंदाज येतो; जागा नेमकी दाखवायला मोजमाप हवे. चेतेतून संदेश जायला वेळ लागतो, हेच मुळी १८५० पर्यंत सिद्ध झालेले नव्हते. त्या काळचा थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याला हा वेग कधी मोजता येईल असे वाटत नव्हते. त्याचाच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ याने बेडकाच्या चेतेवर तो मोजला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. विजेच्या मानाने हा वेग फारच मंद. जोरात धावणाऱ्या आगगाडीइतकाच म्हणा ना.

माणसाच्या हातातल्या चेतांचा वेग त्वचेवरून मोजण्याचे तंत्र १९४८ च्या सुमारास हाती आले. त्यातले गणित सातवीच्या मुलालाही जमेल. चेतेला एका ठिकाणी विजेचा बारीक झटका द्यायचा आणि करंगळीच्या मुळाशी असलेला स्नायू किती वेळाने प्रतिसाद देतो ते नोंदायचे. मग १० सेंटिमीटर वर सरकून पुन्हा झटका द्यायचा. दुसऱ्या वेळी २ मिलिसेकंद अधिक लागले, तर वेग सेकंदाला ५० मीटर. हातात एवढा किंवा याहून थोडा जास्त वेग असतो. समजा, कोपराखालच्या १० सेंटिमीटरला २ मिलिसेकंद लागले आणि कोपर ओलांडणाऱ्या १० सेंटिमीटरला ४, तर चोर कुठे लपला आहे ते वेगळे सांगायला नको.

दाबाने वेग का कमी होतो? प्रत्येक मोठ्या तंतूभोवती मायलिन नावाचे मेदाचे वेष्टन असते आणि त्याच्यामुळे संदेश उड्या मारत जलद जातो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८१ साली सशांच्या चेतांवर दाब देऊन पाहिले. चेतेच्या आतल्या सूक्ष्म शिरांमधले रक्त मंदावायला पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटरांइतका दाब पुरला. आपला रक्तदाब १२० आणि ८० असतो हे लक्षात घेतले तर हा दाब किती थोडा आहे ते कळेल. रक्त मंदावले की चेतेला सूज येते, वेष्टन झिजते आणि वेग घटतो. दाब तेव्हाच हटला तर वेष्टन काही आठवड्यांत पुन्हा तयार होते. तसाच राहिला तर आतला तंतूच मरतो. मेलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कोपरापासून पंजातले स्नायू ३० सेंटिमीटरच्या आसपास दूर. म्हणजे नवा तंतू पोचायला दहा महिने ते वर्ष. इकडे चेतेवाचून पडलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कामातून जायला लागतो. हा हिशेब फार काठावरचा आहे. ‘बघू पुढच्या सुट्टीत’ म्हणणाऱ्याला तो परवडत नाही.

ताण की दाब?

१९५७ साली लिव्हरपूलच्या जॉफ्री ऑस्बर्नने लिहिले की चेता हलवण्याची गरजच नाही. तिच्यावरची ती चिवट पट्टी कापली की पुरे. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या विल्यम फाइंडेल आणि जॉन स्ट्रॅटफर्ड यांनी, कोपराला कधीही दुखापत न झालेल्या रुग्णांतही हा आजार असतो असे दाखवले आणि त्या जागेला ‘क्युबिटल टनेल’, म्हणजे कोपराचा बोगदा हे नाव दिले. लॅटिनमध्ये कोपराला क्युबिटस म्हणत, आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या मापालाही त्यावरूनच नाव पडले. आपला लुगडे मोजायचा ‘हात’ तोच.

या नावाने पाहण्याची दृष्टीच बदलली. ‘उशिराचा लकवा’ म्हटले की जुनी मोडतोड शोधायची आणि ती नसेल तर कोड्यात पडायचे. ‘बोगदा’ म्हटल्यावर निरोगी कोपरातली नेहमीची रचनाही संशयित ठरली. हात वाकवून उशीखाली घेऊन झोपणारे, दुचाकीच्या किंवा मोटारीच्या दारावर कोपर टेकवणारे, तासन् तास फोन कानाशी धरणारे, सगळेच यादीत आले. कोपरे टेबलाच्या कडेवर टेकवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे आमचे व्यवसायबंधूही.

मग खरे कारण कोणते? १९९८ साली अमेरिकेतल्या रिचर्ड गेलबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवांच्या कोपरांवर मोजमापे घेतली. हात वाकवल्यावर बोगद्याचा छेद एक-तृतीयांशाच्या आसपास घटला. पण पूर्ण वाकवलेल्या कोपरात चेतेच्या आतला दाब तिच्या बाहेरच्या दाबापेक्षाही जास्त भरला. नुसते छप्पर दाबत असते तर असे झाले नसते. ताणल्यामुळे चेता स्वतःच आवळली जाते. म्हणजे कर्टिसही बरोबर आणि ऑस्बर्नही बरोबर.

तर्काने दोन्ही बरोबर असले तरी रुग्णाला अधिक गुण कशाने येतो, हे तर्काने ठरत नाही. त्यासाठी रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी करावी लागते. तशा चांगल्या चाचण्या झाल्या त्या २००५ च्या सुमारास, कर्टिसनंतर एका शतकाहून अधिक काळाने! नेदरलँड्समध्ये १५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारखाच गुण आला. त्रास मात्र सारखा नव्हता: नुसती पट्टी कापलेल्यांपैकी ९.६ टक्के रुग्णांत काही ना काही गुंतागुंत झाली, चेता हलवलेल्यांत ३१.१ टक्के. इतर देशांतल्या चाचण्यांचा कौलही साधारण असाच पडला. त्यामुळे साध्या प्रकरणात आज बरेच शल्यविशारद पट्टीच कापतात; कोपर वाकडे झालेले असेल किंवा चेता खाचेतून सटकत असेल तर हलवतात. कर्टिसच्या युक्तीतला तर्क सुंदर होता हे मी वर म्हटलेच आहे. तो इतका सुंदर होता की तपासून पाहण्याची निकड शंभर वर्षे कोणाला भासली नाही.

२००९ साली स्वीडनमध्ये आणखी एक लहानशी चाचणी झाली. आजार सौम्य किंवा मध्यम असलेल्या रुग्णांपैकी काहींना रात्री बांधायची पट्टी दिली, काहींना चेतेचे व्यायाम, आणि काहींना फक्त चेता कशी दबते व हात कसा ठेवू नये याची समजूत. तिन्ही गटांतले बहुतेक जण सुधारले आणि पट्टीने वा व्यायामाने जास्तीचे काही पदरात पडले नाही. आता, ज्यांना काहीच सांगितले नाही असा गट त्यात नव्हता. त्यामुळे समजुतीने गुण आला की आपोआप, हे सिद्ध होत नाही. विद्यार्थ्यांना प्रयोगातली ‘तुलनेची जोडी’ शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

आपल्याकडची वाकडी बोटे

युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत या आजाराचा इतिहास इथे संपतो. आपल्याकडे संपत नाही. कुष्ठरोगात सर्वांत जास्त वेळा सापडणारी चेता हीच, आणि तीही याच जागी, बोगद्याच्या किंचित वर. या रोगाचे जंतू हॅन्सेनने १८७३ साली नॉर्वेत शोधले. ते चेतातंतूंना वेढणाऱ्या पेशींत घर करतात आणि शरीराच्या ३७ अंशांपेक्षा थंड जागा पसंत करतात. १९७१ साली अमेरिकेत हे जंतू आर्माडिलो या प्राण्यात वाढवता आले, त्याचे एक कारण त्याचे थंड रक्त, ३२ ते ३५ अंशांचे. कोपराच्या मागे अल्नर चेता त्वचेच्या लगेच खाली असल्याने चांगलीच थंड असते. जंतूंमुळे ती सुजते, आणि सुजलेल्या चेतेला बोगद्यात जागा नसते. मग ताण, दाब आणि जंतू तिघे मिळून तिचा घास घेतात.

बोटे बधिर झाली की चूल, बिडी, विळा कशाचीच जाणीव राहत नाही. जखमा होतात, चिघळतात, बोटे झडतात. हे झडणे म्हणजे रोगाने मांस सडणे, असे शतकानुशतके मानले जाई. पॉल ब्रँड या शल्यविशारदाने १९४७ पासून तमिळनाडूत, आधी चिंगलपेटला आणि मग वेल्लोरला, बारकाईने पाहून दाखवले की बोटे जातात ती न जाणवलेल्या जखमांमुळे. त्याच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. अल्नर चेता गेली तरी मीडियनवर चालणारे कोपराखालचे स्नायू शाबूत राहतात. त्यांतल्या एखाद्याची दोरी वळवून त्याने बोटे सरळ केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया यांनीही कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया आणि चेतांवर संशोधन पुष्कळ केले.

सुजलेल्या चेतेवरची पट्टी कापून कुष्ठरोगात नुसत्या औषधाहून अधिक लाभ होतो का, याचे निर्णायक उत्तर चाचण्यांतून आलेले नाही. औषधाची वेळ मात्र ठरलेली आहे. चेता अधू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सूज उतरवणारी स्टेरॉइडे सुरू केली तर हात परत येण्याची आशा असते. जगात दर वर्षी सापडणाऱ्या कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतात असतात, आणि त्यांत शाळकरी मुलेही असतात. जंतूंवरचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. गावोगाव तपासणीला जाणारा आरोग्य कर्मचारी अंगावरचा फिकट चट्टा पाहतो, कोपरामागे बोट घालून चेता जाड किंवा दुखरी झाली आहे का हे चाचपतो, बॉलपेनचे टोक करंगळीच्या मुळाशी हलकेच टेकवून ‘डोळे मिटून सांग, कुठे लागले’ असे विचारतो, आणि बोटांमध्ये धरलेला कागद ओढून पाहतो.